वैशाखातली धावपट्टी

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर वसले आहे. भूगोलाच्या पुस्तकात हा आकडा कायमचा असतो. लहान विमानाच्या दृष्टीने मात्र तो ऋतूप्रमाणे बदलतो, आणि उन्हाळ्यात तर सकाळ-दुपारीही बदलतो. डिसेंबरात पहाटे पारा १२ अंशांवर असताना शहराजवळच्या जवाहरलाल दर्डा विमानतळावर विमानाला जी हवा मिळते, ती तिथल्या प्रत्यक्ष उंचीला साजेशीच असते. मे महिन्यात सूर्योदयाला २८ अंश असतील, तर तेच विमान जणू चिखलदऱ्याच्या पठारावरून उडते. आणि दुपारी तीनला पारा ४४ वर गेला की त्याच्या पंखांना, पंख्याला आणि इंजिनाला मिळणारी हवा कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेइतकी विरळ झालेली असते. धावपट्टीची लांबी तेवढीच राहते. तिच्यावरून उडण्यासाठी लागणारे अंतर मात्र वाढलेले असते.

या बदलत्या उंचीला वैमानिक डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. लहान विमानांचे उन्हाळी गणित हा या पुस्तकाचा विषय, आणि तो सारा तिच्याभोवती फिरतो. ती काढायला मोठी विद्या लागत नाही. यवतमाळची उंची फुटांत सुमारे १,४६०. मे महिन्यात विदर्भावर हवेचा दाब उतरलेला असतो; समुद्रसपाटीला आणून मोजलेला दाब १,००३ हेक्टोपास्कल धरला, तर तो प्रमाण दाबापेक्षा १० ने कमी. दर हेक्टोपास्कलला ३० फूट या हिशेबाने ३०० फूट मिळवायचे. झाली १,७६० फूट दाब-उंची. या उंचीवर प्रमाण तापमान साडेअकरा अंश असायला हवे. प्रत्यक्षात आहे ४४. फरक साडेबत्तीस अंशांचा. दर अंशाला १२० फूट मिळवले की आकडा ५,६५० फुटांच्या आसपास जातो. हा ठोकताळा किंचित जास्त दाखवतो. सूत्राने नेमके काढले तर ५,३०० च्या थोडे वर उत्तर येते. कळसूबाई ५,४०० फुटांची.

हवा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ झाली, एवढेच याचे तात्पर्य. पण हे १५ टक्के विमानाला एकाच ठिकाणी द्यावे लागत नाहीत. पंखाला तेवढीच उचल मिळवायची तर हवेतून सुमारे आठ टक्के अधिक वेगाने जावे लागते. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती १७ टक्क्यांच्या आसपास घटते. पंखाही विरळ हवेत कमी ओढ देतो. म्हणजे गाठायचा वेग वाढला आणि तो गाठून देणारा जोर कमी झाला. शिवाय वेगमापक हवेच्या दाबावर चालत असल्याने त्याच्यावर उड्डाणाचा वेग नेहमीचाच दिसतो. डोळ्यांना मात्र जमीन भराभर मागे जाताना दिसते. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, वेग पुरे झाला, आणि तो विमानाचे नाक वेळेआधी उचलतो. जमिनीलगतच्या हवेच्या आधारावर विमान तरंगतेही. मग चार-पाच मीटरवर गेल्यावर तो आधार सुटतो आणि विमान पुढे चढायला नकार देते.

धावण्याच्या अंतरापेक्षा चढण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि तोच विद्यार्थ्यांच्या ध्यानात उशिरा येतो. चढाई होते ती शिलकी शक्तीवर. उदाहरणादाखल धरू, की एखाद्या विमानाला चढाईच्या वेगाने नुसते सपाट उडत राहायला इंजिनाच्या १०० पैकी ५५ भाग शक्ती लागते. उरलेले ४५ भाग चढायला मिळतात. यवतमाळच्या दुपारी इंजिन ८३ भागच देते आणि वाढलेल्या वेगापायी सपाट उडण्याचा खर्च ५९ वर जातो. शिल्लक उरते २४. शक्ती सहाव्या हिश्श्याने घटली आणि चढाई जवळजवळ निम्मी झाली. विमान सरळ पुढेही अधिक वेगाने जात असल्याने चढाईचा उतार त्याहूनही मंद होतो. यवतमाळच्या परिसरात टेकड्या आहेत, सागाचे रान आहे. समोरची टेकडी किती दूर आहे हा तिथे सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

या सगळ्या हिशेबात जी प्रमाण हवा गृहीत धरली जाते, तिचा जन्म थंड मुलखातला आहे. समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट, ही सरळ रेषा फ्रान्समधल्या आल्बेर तुसाँ यांनी पहिल्या महायुद्धानंतर सुचवली. मध्य अक्षांशांवरच्या सरासरी हवेशी ती चांगली जुळत होती. पुढे १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, आपली प्रमाण वातावरणाची व्याख्या याच धर्तीवर स्वीकारली. जगभरच्या विमानांची तुलना करायला एक सामाईक मोजपट्टी हवीच होती. तिच्या उपयोगाबद्दल वाद नाही. पण विदर्भात वर्षातला क्वचितच एखादा दिवस त्या मोजपट्टीजवळ येतो, आणि उन्हाळ्यातला तर एकही येत नाही. तिथे प्रमाणापासूनचे अंतर हीच रोजची स्थिती असते.

प्रमाण हवेवरून प्रत्यक्ष हवेकडे येण्याच्या पद्धती देशोदेशी वेगवेगळ्या वाढल्या. अमेरिकी परंपरा कोष्टकांची. तिथे कोलोरॅडो, आयडाहोसारखी उंच पठारे असल्याने हा विषय लवकर अंगावर आला. १९७५ मध्ये तिथल्या लहान विमानांच्या उत्पादकांच्या संघटनेने वैमानिक-पुस्तिकेचा एकच साचा ठरवला; तेव्हापासून कामगिरीची कोष्टके बहुतेक विमानांच्या पुस्तिकेत पाचव्या विभागात सापडतात. दाब-उंची आणि तापमान जुळवायचे, धावण्याचे अंतर आणि ५० फुटी अडथळा ओलांडण्याचे अंतर वाचायचे. ही पद्धत नेमकी आहे, पण ती चाचणी-वैमानिकाने नव्या विमानावर, कोरड्या, सपाट धावपट्टीवर मिळवलेले आकडे सांगते. वीस वर्षे जुन्या शिकाऊ विमानाला ते जसेच्या तसे लागू होतील असे समजणे धाडसाचे.

ब्रिटिश परंपरा गुणकांची. तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने लहान विमानांसाठी काढलेली सूचनापत्रिका सांगते: उंची १,००० फुटांनी वाढली तर उड्डाणाचे अंतर १० टक्क्यांनी वाढवा, तापमान १० अंशांनी वाढले तर आणखी १० टक्के, वजन १० टक्क्यांनी वाढले तर २० टक्के, कोरडे गवत असेल तर २० टक्के, आणि हे गुणक एकमेकांना गुणत चला. शेवटी, सगळे झाल्यावर, १.३३ चा सुरक्षितता-गुणक लावा. यवतमाळपुरते हे करून पाहण्यासारखे आहे. समुद्रसपाटीला, १५ अंशांत ५०० मीटर अंतर लागणारे विमान घेतले, उंचीसाठी १.१५, तापमानाच्या तीन टप्प्यांसाठी १.३३ आणि सुरक्षिततेसाठी पुन्हा १.३३ लावले, तर एक किलोमीटर होतो. दुप्पट.

तिसरी परंपरा धावपट्टीवरच्या ठोकताळ्यांची. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर इंजिन बंद करून थांबायचे, हा त्यातला सर्वांत मोलाचा. कोष्टक चुकीचे वाचलेले असो, ब्रेक घासत असो, वारा मागून फिरलेला असो. या एका तपासणीत ते सगळे पकडले जाते. आता मोबाइलवरची ॲपही आली आहेत आणि क्षणात उत्तर देतात. पण ॲपला दिलेले तापमान कुठले, हा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही. हवामान खाते पारा मोजते तो लाकडी जाळीच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर. डांबरावर उभ्या असलेल्या विमानाच्या इंजिनात शिरणारी हवा त्याहून तापलेली असते. अंदाजातले ४४ हे धावपट्टीवर ४४ असतीलच असे नाही.

नियमांकडे वळले की एक गोष्ट अनेकांना चकित करते. लहान विमानाला प्रमाणपत्र देताना त्याची चढाई तपासली जाते ती समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत. अमेरिकेच्या भाग २३ या नियमावलीत सहा हजार पौंडांपर्यंतच्या पिस्टन विमानांना अशा स्थितीत ८.३ टक्क्यांचा चढाईचा उतार साधावा लागे. २०१७ मध्ये ही नियमावली मुळापासून नव्याने लिहिली गेली, तरी सावकाश उडणाऱ्या लहान विमानांसाठी समुद्रसपाटीची ही अट तशीच राहिली. उष्ण आणि उंच ठिकाणी विमानाने अमुक इतके चढलेच पाहिजे, अशी किमान हमी या गटाला कायदा देत नाही. मोठ्या जेट विमानांचे तसे नसते. त्यांच्या उड्डाणाच्या अंतरात १५ टक्क्यांची भर नियमानेच घातलेली असते, आणि एक इंजिन बंद पडल्यावरची चढाई त्या दिवसाच्या तापमानाला सिद्ध करावी लागते. प्रवाशांनी भरलेले विमान आणि दोघांचे शिकाऊ विमान यांत कायद्याने असा फरक करणे समजण्यासारखे आहे. पण त्याचा अर्थ असा, की लहान विमानात सुरक्षिततेची भर घालण्याचे काम वैमानिकावर येऊन पडते.

अमेरिकेचा ९१.१०३ हा नियम नेमके हेच सांगतो: निघण्यापूर्वी धावपट्टीची लांबी, उंची, उतार, वजन, वारा आणि तापमान ध्यानात घेऊन लागणारे अंतर माहीत करून घ्या. किती राखीव ठेवायचे ते तो सांगत नाही. भारतात १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. प्रत्यक्ष तपशील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमावलीत असतो, आणि सामान्य विमानचालनासाठीची तिची मांडणी आयकाओच्या सहाव्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागाला धरून आहे. विमान त्याच्या मंजूर पुस्तिकेतल्या मर्यादांमध्येच चालवायचे, हा त्याचा गाभा.

आणि इथेच विदर्भाचा खरा पेच सुरू होतो. सेसना १७२ हे जगात सर्वाधिक बनलेले लहान विमान. त्याचे मूळ प्रमाणपत्र १९५५ चे. भारतातल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्याच्यावर किंवा त्याच्या धाकट्या भावंडावर, सेसना १५२ वर घेतले. या विमानांच्या पुस्तिकेत उड्डाणाच्या अंतराचे कोष्टक शून्यापासून सुरू होते आणि ४० अंशांच्या रकान्याला संपते. विदर्भातला मे महिना तिथून पुढे सुरू होतो. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत.

कोष्टक संपले म्हणजे उड्डाणाला बंदी झाली का? काही विमानांच्या पुस्तिकेत कमाल तापमान ही मर्यादा म्हणूनच छापलेली असते; ती ओलांडणे नियमभंग आहे. जिथे फक्त रकाने संपतात तिथे स्पष्ट मनाई नसते, पण आधारही नसतो. ३० आणि ४० च्या रकान्यांतला फरक पुढे ओढून ४४ चा आकडा काढणारे काढतात. या पुस्तकाची भूमिका इथे ठाम आहे आणि ती पटण्यासारखी आहे: ज्या तापमानाला उत्पादकाने आकडा दिलेला नाही, त्या तापमानाला शिकाऊ उड्डाण करू नये. थांबावे, पहाट गाठावी.

हा प्रश्न फक्त छोट्या विमानांचा नाही, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. २६ जून १९९० रोजी अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा ५० अंशांवर गेला आणि काही काळ विमाने थांबवावी लागली, कारण एवढ्या तापमानाचे कामगिरीचे आकडेच विमान कंपन्यांच्या हाती नव्हते. जून २०१७ मध्ये तिथेच छोट्या प्रादेशिक जेटची अनेक उड्डाणे रद्द झाली. त्यांची मर्यादा ४८ अंशांच्या जरा अलीकडे संपत होती. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये लेहला उष्म्यामुळे उड्डाणे रद्द झाली. तिथली उंची दहा हजार फुटांच्या वर, त्यामुळे मैदानी मुलखात सुसह्य वाटणारे तापमानही तिथे भारी पडते.

लहान विमानाच्या बाबतीत सर्वाधिक शिकवणारा प्रसंग आयडाहो राज्यातला, ३० जून २०१२ चा. ब्रूस मेडोज नावाच्या डोंगरातल्या धावपट्टीवरून स्टिन्सन १०८ जातीचे चार आसनी विमान चौघांना घेऊन निघाले. उंची सहा हजार फुटांहून अधिक, तापमान विदर्भाच्या मानाने थंडच म्हणावे असे, २७ अंशांच्या आसपास. डेन्सिटी अल्टिट्यूड मात्र नऊ हजारांच्या वर गेली होती. आतल्या कॅमेऱ्याने सगळे टिपले: लांबलचक धाव, उचल, मग झाडांच्या शेंड्यांबरोबर रेंगाळत राहणे आणि शेवटी झाडांत कोसळणे. चौघेही वाचले. त्या चित्रफितीत इंजिन शेवटपर्यंत चालू असल्याचे ऐकू येते. काहीच मोडलेले नसते. फक्त चढण्यापुरती शिल्लक शक्ती नसते.

महाराष्ट्रात लहान विमानांची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटांनी तिथेच शिकून फेब्रुवारी १९२९ मध्ये परवाना मिळवला. पण जुहूचा किनारा आणि विदर्भाचे पठार यांत फरक आहे. समुद्रालगत तापमान क्वचितच चाळिशीला जाते. नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ चा, म्हणजे उष्ण हवेतल्या उड्डाणाचा अनुभव विदर्भात पाऊणशे वर्षांहून अधिक साठलेला आहे. देशातल्या क्लबांनी १९५८ मध्ये प्रथम उडालेले हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे पुष्पक वापरले. ९० अश्वशक्तीच्या त्या विमानात शिकलेल्या पिढीला दुपारी उडायचे नसते हे कोष्टकाविनाही ठाऊक होते. ती जाण तोंडी राहिली. ती लिहून काढणे हे या पुस्तकामागचे एक कारण आहे.

दुसरे कारण आजचे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती चालवायला वैमानिक हवेत, आणि व्यावसायिक परवान्यासाठी प्रत्येकाला २०० तासांचे उड्डाण हवे. ते तास मोकळ्या आकाशाखाली, गर्दी नसलेल्या धावपट्ट्यांवर भरायचे, म्हणून लक्ष विदर्भाकडे वळले. गोंदियाजवळ बिरसीला आधीपासून मोठी प्रशिक्षण संस्था आहे. यवतमाळच्या शेजारी अमरावतीत बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तिथेच एअर इंडिया ३४ शिकाऊ विमानांची प्रबोधिनी उभारत आहे. यवतमाळचा विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाचा. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबादबरोबर तो खाजगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला गेला होता. त्याचे पुढे काय व्हायचे ते होवो, वऱ्हाडाच्या आकाशात शिकाऊ विमानांची ये-जा वाढणार हे उघड आहे.

अमरावतीसाठी ठरलेले पायपर आर्चर डीएक्स हे विमान डिझेल जातीच्या टर्बो इंजिनावर चालते आणि पेट्रोलऐवजी जेट इंधन पिते. टर्बोमुळे विरळ हवेतही इंजिनाची शक्ती टिकते, ही मोठी सोय. तरीही पंख आणि पंखा त्याच विरळ हवेत काम करतात, आणि रखरखीत दुपारी इंजिनाचे तापमान आवाक्यात ठेवणे हे नवे काम वैमानिकाला लागते. नवे इंजिन आले म्हणून जुना हिशेब टळत नाही.

पुस्तकात विदर्भाचा उन्हाळा त्याच्या सगळ्या अंगांनी येतो, हे त्याचे वेगळेपण. नवतप्यात धावपट्टीच्या टोकाशी उठणाऱ्या वावटळी. दहानंतर काळ्या, नांगरलेल्या शेतांवरून वर येणारे हवेचे तडाखे. तापलेल्या इंजिनाच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होऊन सुरू न होणारे इंजिन. काचेच्या छपराखाली भाजून निघालेला, पाणी कमी प्यायलेला आणि म्हणून बेरीज चुकणारा विद्यार्थी. मृगाआधीच्या दमट हवेचाही एक विभाग आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे घाम न वाळणाऱ्या त्या दिवसांत डेन्सिटी अल्टिट्यूड आणखी काही शे फुटांनी वाढते, आणि बहुतेक कोष्टके तिची दखल घेत नाहीत.

वजनाच्या प्रकरणावर लेखकाने सर्वाधिक मेहनत घेतली आहे आणि ती योग्य जागी घेतली आहे. तापमान, उंची, दाब यांतले काहीच वैमानिकाच्या हाती नसते, वजन असते. चार आसनी विमानात चार मोठी माणसे आणि भरलेली टाकी एकत्र मावत नाहीत, हे नेहमीच्या दिवशीही बहुधा खरे असते. मे महिन्यात तिसऱ्या माणसाला खाली उतरवायचे की अर्धी टाकी रिकामी ठेवून वाटेत इंधन घ्यायचे, याचा निर्णय कागदावर, आदल्या संध्याकाळी कसा करावा, ते इथे पायरीपायरीने दिले आहे. पाहुण्याला विमानाजवळ आणून मग नाही म्हणणे किती अवघड असते, हे ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेली ती पाने आहेत.

डीजीसीएच्या परीक्षांची तयारी करून देणारी पुस्तके इंग्रजीत भरपूर आहेत आणि हे पुस्तक त्यांची जागा घेऊ पाहत नाही. परीक्षेतला प्रश्न एका ओळीचा असतो आणि त्याला चार पर्याय असतात. इथली उदाहरणे लांब आहेत: एक धावपट्टी, एक तारीख, एक विमान, दोन माणसांची वजने, आणि सकाळी सहा, दहा व दुपारी तीन अशा तीन वेळांना तेच गणित. वरूड, पुसद, वणी अशा गावांतून आलेल्या, शाळेचे गणित मराठीत शिकलेल्या मुलामुलींना ते स्वतःच्या भाषेत मांडलेले मिळावे, ही त्यामागची तळमळ पानोपानी जाणवते. तांत्रिक शब्द मात्र वैमानिकांच्या तोंडी आहेत तेच ठेवले आहेत, कारण रेडिओवर आणि पुस्तिकेत तेच भेटणार.

वाचकाने पेन्सिल, कागद आणि आपण उडवतो त्या विमानाची पुस्तिका जवळ ठेवून बसावे. पुस्तकातले आकडे रीत समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष उड्डाणासाठी त्या विशिष्ट विमानात ठेवलेली मंजूर पुस्तिका, तिच्या ताज्या दुरुस्त्या आणि डीजीसीएचे त्या दिवशी लागू असलेले नियम पाहावेत, आणि हिशेब प्रशिक्षकाला दाखवून मगच चावी घ्यावी.